हँगर ही दुसरी पसंती नव्हे

बारावी सायन्सचा निकाल लागला की डोंबिवलीपासून बोरिवलीपर्यंत अनेक घरांत एक हिशेब मांडला जातो. मुलाला किंवा मुलीला विमानक्षेत्रात जायचं आहे. पैसे उभे राहिले तर पायलट, नाही राहिले तर एएमई, म्हणजे विमानाच्या देखभालीचा इंजिनीअर. प्रवेश देणाऱ्या संस्थाही पर्याय याच क्रमाने सांगतात. ही उतरंड चुकीची आहे आणि ती नुसती मनात राहत नाही. तिच्यापायी काही कुटुंबं राहतं घर गहाण टाकतात, तर काही मुलं आपण हरलो अशा भावनेने हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त होतात त्या शेडमध्ये, पाऊल ठेवतात. ज्या कामात एक बोल्ट राहून चालत नाही, त्या कामाला अशा मनाने येणं सगळ्यांसाठीच वाईट.

दोन्ही परवाने डीजीसीएच, म्हणजे केंद्राचं नागरी विमान वाहतूक नियामक कार्यालयच देतं. दोन्हींत शेवटी सही असते आणि ती सही दीडशे-दोनशे प्रवाशांच्या जिवाशी बांधलेली असते. वेगळी आहे ती जोखमीची जागा. पायलटच्या वाटेवर पैसा आधी जातो आणि आपलं जमलं की नाही हे फार उशिरा कळतं. मेंटेनन्सच्या वाटेवर पैसा कमी लागतो, वर्षं जास्त जातात आणि माणूस नेमका कुठे अडकतो हे प्रवेशाच्या वेळी कुणी दाखवत नाही.

आधी पायलटचं बघू. व्यावसायिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास स्वतः कमांडमध्ये, २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसरीकडे, आणि त्यातलं एक उड्डाण ३०० नॉटिकल मैलांचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरण्यासह. बाहेर न बघता नुसत्या इन्स्ट्रुमेंटवर १० तास, रात्रीचे ५ तास. लेखी परीक्षेत नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक, प्रत्येकात ७० टक्के. रेडिओचा परवाना वेगळा. हे आकडे कोणत्याही माहितीपत्रकात सापडतात. २०० तास किती महिन्यांत होतील, हे मात्र सापडत नाही, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

महिन्याला २५ तास मिळाले तर आठ महिने. १२ तास मिळाले तर जवळपास सतरा महिने. मुंबईची मुलं धुळे, बारामती, गोंदियाकडे जातात. तिथे साध्या दृश्य नियमांनुसार, म्हणजे बाहेर बघत, उडायला ५ किलोमीटर दृश्यमानता लागते, त्यामुळे जून ते सप्टेंबर बऱ्याच दिवशी वेळापत्रक पुसलं जातं. पावसाचा अंदाज तरी आधी बांधता येतो. खरा खोळंबा होतो तो विमान जमिनीवर बसल्यामुळे. सेस्ना १७२ सारख्या शिकाऊ विमानाला दर १०० तासांनी मोठी तपासणी लागते. विमान महिन्याला ८० तास उडत असेल तर दर पाच-सहा आठवड्यांनी ते हँगरमध्ये जाणार. तिथे परवानाधारक इंजिनीअर एकच असेल, मॅग्नेटो किंवा सिलिंडरसारखा इंजिनाचा भाग बाहेरून यायचा असेल, तर तीन दिवसांचं काम तीन आठवडे चालतं आणि एका विमानाच्या भरवशावर बसलेली आठ-दहा मुलं मेसमध्ये बसून राहतात. म्हणून फ्लाइंग स्कूल बघायला गेल्यावर ताफ्यात किती विमानं आहेत हे विचारू नका. आज किती उडू शकतात आणि सही करणारे इंजिनीअर किती आहेत, ते विचारा. पायलट घडायला किती महिने लागतील, हे बऱ्याच अंशी दुसऱ्या परवान्यावर ठरतं. या दोन करिअरना वरची-खालची पायरी मानणाऱ्यांनी हे एकदा तरी धावपट्टीच्या कडेला उभं राहून पाहावं.

आता पैसा. फी, राहणं-खाणं, परीक्षा आणि मल्टी-इंजिन धरून खर्च पन्नास लाखांच्या आसपास किंवा पुढे जातो. नंतर ए-३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता, वेगळं, तेही अनेक लाखांचं आणि बहुतेक वेळा उमेदवाराच्याच खिशातून. समजा ६० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं. हप्ता महिन्याला ८२ हजारांवर जातो. परवाना हातात आहे पण नोकरी नाही अशा काळात नुसतं व्याजच महिन्याला ५५ हजार होतं. हा काळ सहा महिन्यांचा असू शकतो, दोन वर्षांचाही असू शकतो. आणि परवाना घडी घालून कपाटात ठेवता येत नाही. प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या ९० दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेले असावे लागतात, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तपासणी वेळेत द्यावी लागते, मेडिकल चालू ठेवावं लागतं. बेकारीतही या परवान्याला खर्च आहे.

मुंबईला हे नव्याने सांगायला नको. जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण १७ एप्रिल २०१९ ला झालं. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. दोन्ही कंपन्यांचं घर मुंबईत होतं. पहिल्या नोकरीतले को-पायलट कर्जाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात असताना त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. इंजिनीअरांच्याही नोकऱ्या गेल्या, त्यांचेही पगार बुडाले. पण त्यांच्या डोक्यावर सहसा पन्नास-साठ लाखांचं कर्ज नव्हतं.

आमचा सल्ला स्पष्ट आहे. राहतं घर गहाण ठेवूनच फी भरता येत असेल तर पायलटचं प्रशिक्षण आत्ता सुरू करू नये. ज्यांना करायचंच आहे त्यांनी क्रम उलटा लावावा. आधी क्लास २ मेडिकल, म्हणजे प्राथमिक वैद्यकीय तपासणी, लगेच व्यावसायिक परवान्याला लागणारं क्लास १. हृदयाचा एखादा दोष, रंग ओळखण्यातली अडचण, कानाची तक्रार, जे काही निघायचं ते फी भरण्याआधी निघू दे. चष्मा आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, नंबर दुरुस्त होऊन दृष्टी मर्यादेत येत असेल तर चालतं. मग घरी राहून, अंधेरीच्या एखाद्या ग्राउंड क्लासला जाऊन पाचही पेपर काढावेत. पेपर हातात नसताना फ्लाइंगला गेलेला मुलगा उडण्याच्या दिवशी अभ्यास करतो आणि अभ्यासाच्या दिवशी विमानाची वाट बघतो. मेडिकल आणि पेपर झाल्यावर फी भरायचीच नाही असं ठरलं तरी फार थोडा पैसा गेलेला असतो आणि आपल्याला हे खरोखर हवंय का, हेही कळलेलं असतं.

मेंटेनन्सच्या वाटेवर फसगत वेगळी आहे. इथे पहिला घोटाळा प्रमाणपत्र आणि परवाना यांत होतो. डीजीसीएच्या सीएआर-१४७ या नियमाखाली मान्यता असलेल्या संस्थेतून कोर्स केला म्हणजे परवाना मिळाला, असं अनेक पालक समजतात. सोबत बी.एस्सी.ची पदवी जोडून दिली की समज आणखी घट्ट होतो. पण परवाना सीएआर-६६ या वेगळ्या नियमाखाली डीजीसीए देतं, आणि त्यासाठी मॉड्यूलच्या, म्हणजे एकेका विषयाच्या, परीक्षा द्याव्या लागतात. टर्बाइन विमानांच्या बी-१.१ साठी गणित, भौतिकशास्त्र, वीज, इलेक्ट्रॉनिक्स, साहित्य आणि हार्डवेअर, देखभालीच्या पद्धती, मानवी घटक, कायदे, विमानाची रचना, गॅस टर्बाइन, प्रोपेलर असे साधारण बारा-तेरा विषय. एव्हिऑनिक्सच्या, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या, बी-२ ला जवळपास तेवढेच. उत्तीर्ण होण्याची रेषा ७५ टक्के. शिवाय चालत्या विमानांवर काम केल्याचा नोंदवलेला अनुभव, लॉगबुकातल्या सह्यांसकट.

कोर्स पूर्ण केलेले पण चार-पाच मॉड्यूल राहिलेले तरुण मुंबईत चिक्कार आहेत. कॉलेज संपलं, वर्गमित्र पांगले, पाळीची नोकरी लागली, आणि देखभालीच्या पद्धतींचा मोठा पेपर वर्षानुवर्षं तसाच राहिला. उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो: कॉलेज सुटायच्या आत निम्म्याहून जास्त मॉड्यूल संपवायचे, आणि जे वर्गात शिकवलं त्याच सत्रात त्याचा पेपर द्यायचा.

दुसरा अडथळा याहून मोठा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. नुसत्या परवान्यावर ए-३२० सोडता येत नाही. त्या प्रकारच्या विमानाचं टाइप ट्रेनिंग, त्याचा प्रत्यक्ष भाग, पहिल्या टाइपसाठी देखरेखीखालचं काम आणि मग कंपनीची परवानगी, एवढं झालं की सीआरएसवर, म्हणजे विमान उड्डाणयोग्य असल्याच्या दाखल्यावर सही करता येते. टाइपला कुणाला पाठवायचं हे कंपनी ठरवते, जागा थोड्या असतात. तोवर परवानाधारक मुलगाही टेक्निशियनच्या पगारावर पाना फिरवत असतो. परवाना ते पहिलं टाइप, हा टप्पा कुणी दोन वर्षांत ओलांडतो, कुणी सहा. इंजिनीअरच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी पगारवाढ या टप्प्याच्या पलीकडे उभी असते. म्हणून पहिली नोकरी निवडताना पगारापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा: या कंपनीने गेल्या तीन वर्षांत किती जणांना टाइपला पाठवलं, आणि नोकरी न सोडण्याचा बाँड किती वर्षांचा आहे?

कॉलेजची फी परवडत नसेल तर आणखी एक रस्ता आहे. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून देखभाल कंपनीत टेक्निशियन म्हणून लागायचं, अनुभव नोंदवत राहायचा आणि मॉड्यूल स्वतः अभ्यास करून काढायचे. वर्षं जास्त जातात. पण घरात पगार येत असतो आणि हाताला काम कळलेलं असतं.

पैशाचा आणि वर्षांचा हिशेब झाला की उरतो स्वभाव. खरं तर तो आधी यायला हवा. यासाठी एक घडलेली गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे.

२४ मे २०१३ ला लंडनच्या हीथ्रोवरून ओस्लोला निघालेल्या ए-३१९ च्या दोन्ही इंजिनांवरची फॅन काउलची दारं, म्हणजे इंजिनाभोवतीची उघडणारी झाकणं, टेकऑफच्या वेळी उखडली. इंधनाची नळी तुटली, उजव्या इंजिनाला आग लागली. वैमानिकांनी विमान परत आणून उतरवलं, सगळे सुखरूप बाहेर पडले. चौकशीत जे निघालं ते प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावं असं आहे. आदल्या रात्री दोन तंत्रज्ञांनी जनरेटर ड्राइव्हचं तेल तपासायला काउल उघडले. तेल घालायला लागणार होतं, पण तेल आणि ते भरायची गन जवळ नव्हती. काउल खाली केले, लॅच, म्हणजे त्यांच्या कड्या, लावले नाहीत, कारण परत यायचंच होतं. दुसरी कामं आटपून ते साहित्य घेऊन परतले ते चुकून दुसऱ्याच विमानाकडे. तिथले काउल व्यवस्थित बंद दिसले. कुणीतरी लावले असतील, असं समजून ते निघून गेले. सकाळी को-पायलटने विमानाभोवती फेरी मारली, त्यालाही दिसलं नाही. हे लॅच इंजिनाच्या पोटाखाली, जमिनीच्या अगदी जवळ असतात. गुडघ्यावर बसून किंवा आडवं होऊनच ते नीट दिसतात. उभ्याने पाहिलं तर बंद काउल आणि लॅच न लावलेला काउल सारखाच वाटतो. पुढे या विमानांसाठी नवी लॅच सक्तीची झाली. तिची किल्ली लॅच पक्की बसल्याशिवाय निघत नाही आणि ती कॉकपिटमध्ये नेऊन ठेवावी लागते.

एकाच लॅचकडे दोन्ही व्यवसायांतली माणसं बघत होती, हे इथे महत्त्वाचं. पण त्यांच्यापुढची परिस्थिती वेगळी होती. इंजिनीअरचं काम रात्री चालतं, अर्धवट राहतं, मध्येच दुसरं विमान येतं, आणि ‘आत्ता येतो’ म्हणून उठलेल्या माणसाने परत येऊन नेमकं तिथूनच सुरू करायचं असतं. चांगला इंजिनीअर उठण्याआधी टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, काम उघडं असल्याची नोंद करतो, मगच जागा सोडतो. जुलैच्या पावसात, पहाटे चार वाजता, पाचच्या उड्डाणासाठी सगळे खोळंबलेले असताना ‘हे विमान आत्ता जाणार नाही’ असं सांगण्याचा घट्टपणा त्याच्या अंगी असावा लागतो. पायलटचा कस निराळ्या ठिकाणी लागतो. त्याच्याकडे थांबायची सोय नाही. मुंबईच्या धावपट्टीवर उतरताना अखेरच्या क्षणी दृश्यमानता गेली तर गो-अराउंडचा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाण्याचा, निर्णय काही सेकंदांत घ्यायचा, तो दुसऱ्या वैमानिकाला कळेल असा बोलून दाखवायचा, आणि घेतल्यावर त्यावर शंका घेत बसायचं नाही.

ही दोन मनं एकाच माणसात असू शकतात, पण क्वचित. ज्याला अर्धं काम सोडून झोप येत नाही, जो खोललेली वस्तू जोडल्यावर उरलेला स्क्रू कुठला हे शोधत बसतो, त्याला मेंटेनन्समध्ये पुढे जाता येईल. जो गडबडीत शांत होतो आणि ठरलेली पद्धत शंभराव्या वेळीही तशीच पाळतो, त्याने कॉकपिटचा विचार करावा. बारावीला किती टक्के पडले याचा दोन्हींशी फारसा संबंध नाही. यंत्राची आवड नसलेल्या मुलाला ‘पायलट नाही जमत तर एएमई कर’ म्हणणं तर अन्यायच आहे.

दोघांची गाठ रोज टेक लॉगवर पडते. उड्डाणाआधी एखादा बिघाड निघाला तर तो एमईएलनुसार, म्हणजे कोणता बिघाड असताना उडता येतं याच्या मंजूर यादीनुसार, पुढे ढकलता येतो का, हे इंजिनीअर बघतो. बी वर्गातला बिघाड ३ दिवसांत दुरुस्त व्हायला हवा, सी वर्गातला १० दिवसांत, डी वर्गातला १२० दिवसांत. नियमात बसलं तरी त्या रात्रीचं हवामान बघून कॅप्टन विमान नाकारू शकतो. इथे कुणी कुणाच्या हाताखाली नसतो.

उड्डाण विभाग म्हणजे फक्त कॉकपिट, हाही गैरसमज आहे. फ्लाइट डिस्पॅचर मार्ग, इंधन, वजन आणि पर्यायी विमानतळ ठरवतो. मुंबईत ढगफुटीसारखा पाऊस सुरू असताना अहमदाबादला वळायचं की हैदराबादला, आणि तेवढं इंधन आधीच भरलं होतं का, हा त्याचा विषय. क्लास १ मेडिकलमध्ये अडलेल्या, पण हवामान आणि नेव्हिगेशनची गोडी असलेल्या मुलामुलींनी याकडे जरूर बघावं.

मुलींच्या बाबतीत तर ही उतरंड आणखी विचित्र होते. भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आहे, त्याचा अभिमान आहेच. पण त्याच घरांत मुलगी हँगर म्हणाली की रात्रपाळीचं कारण पुढे येतं. पायलटही रात्री उडतोच. वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम कडक झाले, साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्यांच्या अंमलबजावणीच्या वेळी उड्डाणं मोठ्या प्रमाणावर रद्द झाली तेव्हा देशभर थकव्याची चर्चा झाली. इंजिनीअरांच्या सलग रात्रपाळ्यांवर अशी चर्चा क्वचितच होते.

आता सरकारकडे वळायला हवं, कारण हा प्रश्न केवळ घराघरांचा नाही. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. ही विमानं उडवायला माणसं लागणार, हे सगळ्यांना दिसतं. त्यांची देखभाल करणारी माणसं एका कोर्सवर तयार होत नाहीत, त्यांना पाच-सात वर्षं लागतात. विमानाच्या सुट्या भागांवर १५ जुलै २०२४ पासून एकसमान ५ टक्के आयजीएसटी झाला, तो देखभालीचा धंदा देशात यावा म्हणून. भाग स्वस्त झाले तरी सही करणारा हात हवा.

२०२५ मध्ये डीजीसीएने फ्लाइंग स्कूलांची क्रमवारी लावायला सुरुवात केली. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. ही कडक पारदर्शकता स्वागतार्ह आहे. तीच एएमईच्या कॉलेजांना का नाही? प्रत्येक संस्थेने आपल्या दारावर आणि संकेतस्थळावर तीन आकडे लावावेत: पाच वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्यांपैकी आज किती जणांकडे परवाना आहे, किती जणांकडे टाइप आहे, आणि किती जण क्षेत्र सोडून गेले. फ्लाइंग स्कूलने २०० तासांना प्रत्यक्षात लागलेले सरासरी महिने लावावेत. हे आकडे संस्थांजवळ असतात, नियामकाने मागितले तर महिन्याभरात मिळतील.

बँकांनीही कर्जाची रचना बदलायला हवी. पायलटसाठी साठ लाख घराच्या तारणावर सहज मिळतात. टाइप ट्रेनिंगसाठी परवानाधारक इंजिनीअरला त्याच्या एका अंशाएवढं कर्ज हवं असतं, आणि तिथे बँकेला हा कोर्स नेमका काय आहे हेच कळत नाही. खरं तर परवाना हातात असलेल्या माणसाला दिलेलं हे कर्ज कमी जोखमीचं आहे.

आणि नवी मुंबई. २५ डिसेंबर २०२५ ला तिथून प्रवासी विमानं उडू लागली. उलवे, पनवेल परिसरातल्या ज्या कुटुंबांच्या जमिनी या विमानतळाखाली गेल्या, त्यांच्या मुलांच्या नोकऱ्यांचा विषय निघतो तेव्हा बोलणं सामान चढवणं, सफाई आणि सुरक्षा याच्यापुढे सहसा जात नाही. सिडको आणि राज्य सरकारने इथे सीएआर-१४७ ची मान्यता असलेली सार्वजनिक संस्था काढावी, प्रकल्पग्रस्तांच्या मुलांची फी भरावी, आणि विमानतळावर हँगर थाटणाऱ्या प्रत्येक कंपनीवर या विद्यार्थ्यांना अनुभवाचे तास देण्याची अट करारातच घालावी. अनुभव नोंदवायला विमान न मिळाल्याने परवाना अडतो, आणि ते विमान आता त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर उभं असणार आहे. जागावाटपाचे करार एकदा झाले की अशी अट मागाहून घालता येत नाही, म्हणून ही मागणी याच वर्षी व्हायला हवी.